सेटअप फाइल चालवण्याआधी: पहिल्या मॉडचं एक प्रकरण

माझा मावसभाऊ कॉलेजात आहे आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम खेळतो. विंडोज लॅपटॉप, स्टीमवर विकत घेतलेली प्रत, आणि गेममधलं शेत तिसऱ्या वर्षात. आजवर त्याने एकही मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेली भर किंवा बदल, टाकलेला नव्हता. मग कुणाच्या तरी खेळाचा व्हिडिओ पाहिला. त्यात दरीचा नकाशा मोठा होता, गावात अनोळखी माणसं होती, प्रसंग वेगळे होते. तो मॉड होता ‘स्टारड्यू व्हॅली एक्सपांडेड’. व्हिडिओखाली ‘इथून डाउनलोड करा’ अशी लिंक होती, ती त्याने दाबली.

लिंक आधी एका लिंक छोटी करणाऱ्या सेवेवर गेली, तिथून जाहिरातींनी भरलेल्या पानावर. पानावर डाउनलोडची बटणं तीन, त्यातलं खरं कोणतं ते कळायला मार्ग नाही. शेवटी एक आरएआर फाइल उतरली, म्हणजे झिपसारखं फाइलींचं दाबलेलं गाठोडं. ती उघडायला पासवर्ड लागत होता आणि तो पानावरच मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. आत एकच फाइल: ‘सेटअप’. सोबत सूचना अशी की इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर मॉड नीट बसणार नाही.

इथे तो थांबला आणि स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “दादा, हे बंद करू का?”

पुढचं सगळं प्रकरण या प्रश्नातून उघडत गेलं. नवख्या माणसाला मॉडबद्दल जे सांगितलं जातं ते बहुतेक ‘चांगल्या साइटवरून घे, अँटिव्हायरस ठेव’ इथेच संपतं. ते चूक नाही, पण त्याने काम भागत नाही. आपण कॉम्प्युटरवर नेमकं काय आणतोय, त्या फाइलला किती अधिकार मिळणार आहेत आणि बिघडलं तर परत कसं यायचं, या तीन गोष्टी कळल्या की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

हातात काय आलं होतं

पहिली खूण सगळ्यात मोठी होती. स्टारड्यूचा मॉड सेटअप फाइल म्हणून येतच नाही. तो एक फोल्डर असतो. त्यात मॅनिफेस्ट.जेसन नावाची छोटी मजकूर फाइल असते आणि बाकी चित्रं, जेसन फाइली किंवा डीएलएल (गेमने चालवायचा कोड). दोनदा क्लिक करून चालवायचं असं त्यात काही नसतं. हे माहीत असलेला माणूस ‘सेटअप’ पाहूनच फाइल फेकून देईल. म्हणूनच कुठल्याही गेमचा पहिला मॉड शोधण्याआधी त्या गेमचे मॉड कोणत्या रूपात येतात हे पाहून घ्यावं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ते जार फाइल असतात, ‘सिम्स ४’मध्ये पॅकेज आणि टीएस४स्क्रिप्ट. रूप जुळलं नाही तर पुढचा तपास करत बसायचं कारण नाही.

दुसरी खूण म्हणजे पासवर्ड. जो पासवर्ड पानावरच छापलेला आहे तो कुणापासून काय लपवतोय? माणसांपासून काहीच नाही. पण कुलूपबंद आरएआरच्या आत ब्राउझरची किंवा साठवणाऱ्या सेवेची आपोआप होणारी तपासणी पोहोचत नाही. मॉडच्या जगात पासवर्डवाल्या फाइलला प्रामाणिक कारण क्वचितच असतं.

तिसरी खूण त्याच्या लक्षात आली नव्हती. आरएआर छोटी होती, पण आतली सेटअप फाइल सातशे एमबीच्या पुढे. इतकं दाबलं जातं ते बहुधा शून्यांचं भरताड. व्हायरसटोटल या साइटवर फाइल चढवली की अनेक अँटिव्हायरस ती एकदम तपासतात, पण तिथे ६५० एमबीपर्यंतचीच फाइल चढवता येते, आणि बरेच स्कॅनर वेळ वाचवायला फार मोठ्या फाइली सोडून देतात. फाइल मुद्दाम फुगवण्याची युक्ती यासाठीच वापरतात. एरवी ‘मोठी फाइल म्हणजे भरपूर माल’ असं वाटून माणूस उलट खूशच होतो!

त्या फाइलचं चित्रही गेमचंच होतं. विंडोज मूळ सेटिंगमध्ये ओळखीच्या फाइलप्रकारांचं शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन, दाखवत नाही, त्यामुळे ‘एक्सपांडेड.झिप.ईएक्सई’ ही फाइल डोळ्यांना ‘एक्सपांडेड.झिप’ दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण चालू केली आणि ती तशीच चालू राहिली. मॉड वापरणाऱ्याने हे एकदा करून टाकावं.

आणि अँटिव्हायरस बंद करा ही सूचना. इथे थोडं सबुरीने बोलायला हवं, कारण प्रामाणिक मॉडवरही अँटिव्हायरस कधीकधी उगाच ओरडतो. छंद म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामवर डिजिटल सही नसते, आणि गेमच्या मेमरीत शिरणारं साधन स्कॅनरला संशयास्पद वाटू शकतं. पण तशा वेळी जाणता निर्माता एखाद्या ठरावीक फाइलबद्दल सांगतो, कारण देतो, आणि त्याचा कोड बहुतेकदा उघडा असतो. ‘सगळं संरक्षण बंद करा’ असं सांगणारा मॉड नकोच.

फाइल नुसती उतरवली होती, चालवली नव्हती. त्यामुळे लॅपटॉप फॉरमॅट करायची त्याची तयारी मी थांबवली. आरएआर आणि सेटअप दोन्ही डिलीट, रिसायकल बिन रिकामा, विंडोज डिफेंडरचा फुल स्कॅन. एवढं पुरलं.

चालवली असती तर गोष्ट वेगळी असती. अशा सापळ्यांमधून सर्रास येतात ते माहिती चोरणारे प्रोग्राम. ते कॉम्प्युटर बंद पाडत नाहीत, स्क्रीनवर कवटी नाचवत नाहीत. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (आपण लॉगिन केलेलं आहे हे साइटला सांगणाऱ्या नोंदी), डिस्कॉर्ड आणि स्टीमचं लॉगिन उचलतात आणि पाठवून देतात, बऱ्याचदा काही मिनिटांत. कुकी चोरीला गेली की टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोडही आडवा येत नाही, कारण चोर नव्याने लॉगिन करतच नाही, आपलं आधीच उघडं असलेलं लॉगिन वापरतो. म्हणून अशी फाइल चालली असेल तर आधी इंटरनेट तोडायचं, मग दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदलायचे, प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करायचं, सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीच्या खात्यांची वाट तिथूनच जाते. त्यानंतर विंडोज नव्याने टाकायचं. त्याच लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही चोराच्या हाती.

मग नामांकित साइट?

मावसभावाचा पुढचा प्रश्न रास्त होता: “म्हणजे नेक्सस मॉड्सवरून घेतलं की झालं?”

बरंचसं, हो. नेक्सस २००१ पासून चालू आहे, तिथे फाइली स्कॅन होतात, मॉडच्या पानावर निर्मात्याचं नाव, जुन्या आवृत्त्या, वापरणाऱ्यांचे प्रश्न आणि बिघाडाच्या तक्रारी दिसतात. दुसऱ्याचे मॉड उचलून स्वतःच्या पानावर चढवणाऱ्या साइट यातलं काही देत नाहीत. पण साइट चांगली असली तरी खातं फुटू शकतं.

जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या जगात हेच घडलं. कर्सफोर्ज आणि बकिट या दोन जुन्या, विश्वासाच्या ठिकाणी काही निर्मात्यांची खाती हल्लेखोरांच्या हाती गेली आणि बिघडवलेले मॉड चढले. ‘बेटर माइनक्राफ्ट’सारखा लोकप्रिय मॉडपॅकही त्यात सापडला. या मालवेअरला ‘फ्रॅक्चरायझर’ नाव पडलं. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चाले, ब्राउझरमधली आणि माइनक्राफ्टची लॉगिन चोरी, क्लिपबोर्डवर कॉपी केलेला क्रिप्टोचा पत्ता बदलून टाकी, आणि पुढच्या टप्प्यात कॉम्प्युटरवरच्या इतर जार फाइलींतही शिरे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला ‘स्ले द स्पायर’ या गेमच्या ‘डाउनफॉल’ या चाहत्यांनी बनवलेल्या विस्ताराचं स्टीमवरचं पान असंच ताब्यात गेलं आणि अपडेटच्या रूपाने माहिती चोरणारा प्रोग्राम खेळाडूंपर्यंत पोहोचला.

दोन्ही घटनांत खेळाडूने काही वावगं केलं नव्हतं. साइट बरोबर, नाव बरोबर, पान बरोबर. मग यातून नवख्याने काय उचलायचं? माझ्या मते एकच: ताजी फाइल त्याच दिवशी घ्यायची घाई नको. अशा गोष्टी उघडकीला येतात त्या कुणीतरी जाणकार फाइल उघडून बघतो तेव्हा, आणि त्याला थोडा अवधी लागतो. नवा मॉड किंवा नवी आवृत्ती आठवडाभर राहू द्यावी, खालच्या तक्रारी वाचाव्यात, मग घ्यावी. पहिल्या दिवशी मॉड टाकणाऱ्याच्या हाती अधिक काही लागत नाही, धोका मात्र त्याच्याच वाट्याला येतो.

व्हायरसटोटलवरचा शून्य आकडाही याच नजरेने पाहावा. सत्तरच्या आसपास इंजिनं फाइल तपासतात, पण ती प्रामुख्याने आधी पाहिलेलं ओळखतात. काल जन्मलेल्या फाइलला मिळालेलं शून्य आणि दोन वर्षं हजारो लोक वापरत असलेल्या फाइलचं शून्य सारखं नाही. उलट, एखाद्या अप्रसिद्ध इंजिनाने ‘जेनेरिक’ म्हणून खूण केली तर लगेच घाबरूही नये. नावाजलेल्या अनेक इंजिनांनी एकाच जातीचं नाव घेतलं तर मात्र विषय संपला.

फाइलला किती अधिकार

आता प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. ‘मॉड सुरक्षित आहे का’ हा प्रश्नच जरा ढोबळ आहे, कारण सगळे मॉड एका जातीचे नसतात.

स्टारड्यूत ही जात ओळखणं सोपं आहे. एक्सपांडेडची झिप नेक्ससवरून उतरवून आम्ही उघडली. आत तीन फोल्डर. एकाच्या नावाआधी कंसात सीपी, दुसऱ्याच्या आधी एफटीएम, आणि तिसऱ्याच्या नावात कोड. प्रत्येकात आपापली मॅनिफेस्ट फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडायला सांगितलं तेव्हा “यातलं मला काय कळणार?” असं म्हणत त्याने उघडली, आणि कळलं.

सीपीवाल्या मॅनिफेस्टमध्ये ‘कंटेंटपॅकफॉर’ अशी ओळ होती. म्हणजे हा फोल्डर स्वतः काही चालवत नाही. यात चित्रं, नकाशे, संवाद आहेत आणि ते ‘कंटेंट पॅचर’ नावाचा दुसरा मॉड वाचणार आहे. असा पॅक गेम विद्रूप करू शकेल, अडकवू शकेल, सेव्ह बिघडवू शकेल, पण ब्राउझरच्या पासवर्डला हात लावायला त्याला हातच नाहीत. एफटीएमवाला तसाच, ‘फार्म टाइप मॅनेजर’साठी. कोडवाल्या मॅनिफेस्टमध्ये मात्र ‘एंट्रीडीएलएल’ होतं. डीएलएल म्हणजे प्रोग्राम. गेम सुरू झाला की तो आपल्या नावाने, आपल्या अधिकारांनी चालतो. आपण उघडू शकतो त्या सगळ्या फाइली तोही उघडू शकतो, इंटरनेटवर जाऊ शकतो. एक पाहुण्याला भिंतीवर चित्र लावू देण्यासारखं आहे, दुसरं त्याच्या हातात घराची किल्ली देण्यासारखं.

किल्ली कुणालाच द्यायची नाही असा याचा अर्थ नाही. मग मॉडिंगच बंद होईल. ज्याला द्यायची त्याची चौकशी जास्त करायची. एक्सपांडेड वर्षानुवर्षं सांभाळला जातोय, वापरणारे प्रचंड आहेत, तक्रारींना उत्तरं मिळतात. तिथे हरकत नव्हती. त्याच दिवशी त्याला शेतातल्या मांजरांचे रंग बदलणारा एक मॉडही आवडला होता, निर्माता नवा, डाउनलोड मोजकेच. मॅनिफेस्ट पाहिलं तर ‘कंटेंटपॅकफॉर’, आत नुसती चित्रं. तो बिनदिक्कत घेतला. हेच मांजराचे रंग बदलायला कुणी डीएलएल दिली असती तर “याला कोड कशाला लागतो?” एवढं विचारून सोडून दिली असती.

बसवताना

आधी सेव्ह. स्टारड्यूचे सेव्ह विंडोजमध्ये ॲपडेटातल्या ‘स्टारड्यूव्हॅली’ फोल्डरात ‘सेव्हज’ नावाखाली असतात. तो फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केला. स्टीम क्लाउड आहे की, असं तो म्हणाला. पण क्लाउड हा बॅकअप नव्हे, ती जुळवणी आहे. इथला सेव्ह बिघडला की बिघडलेलाच वर चढतो.

मग एसएमएपीआय. स्टारड्यूचे मॉड गेममध्ये आणणारा हा उघड्या कोडचा लोडर, आणि इथे एक गंमत आहे. इतका वेळ ‘सेटअप चालवू नकोस’ म्हणत होतो, आणि याची झिप उघडली तर आत विंडोजसाठीची बॅट फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल), जी चालवावीच लागते. तो माझ्याकडे बघायला लागला. फरक हा की लोडर हा पाया आहे, तो एकच आहे, त्याची अधिकृत जागा ठरलेली आहे आणि ती गेमच्या अधिकृत विकीवरून सापडते. चालवायची फाइल अख्ख्या प्रकरणात एवढीच. तिलाही ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत नाहीत. विंडोजने ‘या ॲपला बदल करू द्यायचे का’ असं विचारलं असतं तर तिथेच थांबलो असतो.

झिप न सोडवता आतूनच बॅट फाइल चालवण्याचा प्रयत्न त्याने केलाच. नवखे हमखास करतात, आणि इन्स्टॉलरलाही ते माहीत असल्याने तो आधी झिप सोडवा म्हणून बजावतो. सोडवल्यावर इन्स्टॉलरने गेमचा फोल्डर स्वतः शोधला, एक-दोनदा आकडा दाबून होकार मागितला, आणि झालं. शेवटी स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये टाकायची एक ओळ दिली. ती टाकली की गेम स्टीममधून नेहमीसारखा सुरू होतो आणि अचीव्हमेंटही मिळत राहतात.

इथे एकही मॉड न टाकता गेम एकदा सुरू करून पाहिला. कंटाळवाणं आहे, मान्य. पण नुसता लोडर चालतोय याची खात्री असली की पुढचा बिघाड कुठून आला हे शोधावं लागत नाही. मॉड मॅनेजरबद्दल त्याने विचारलं होतं. पुढे मॉड वाढले की जरूर वापरावा, पण पहिला मॉड हाताने टाकलेला बरा, कोणती फाइल कुठे गेली हे डोळ्यांसमोर राहतं.

‘मॉड्स’ फोल्डरात आधी कंटेंट पॅचर, मग मांजरं. गेम सुरू, मांजर केशरी. मग एक्सपांडेडचे तीन फोल्डर. गेम सुरू, आणि सोबत उघडणाऱ्या एसएमएपीआयच्या काळ्या खिडकीत लाल अक्षरं.

“गेलं सगळं,” तो म्हणाला.

काही गेलं नव्हतं. लाल ओळींत लिहिलेलं होतं की अमुक मॉड वगळला, कारण त्याला लागणारा मॉड इन्स्टॉल केलेला नाही. ‘फार्म टाइप मॅनेजर’ राहिला होता. एक्सपांडेडच्या पानावर रिक्वायरमेंट्समध्ये तो स्पष्ट दिला होता, याने यादीतलं पहिलं नाव घेतलं आणि खाली सरकलाच नाही. तो टाकल्यावर लाल ओळी गेल्या. नवख्यांची इथेच फसगत होते: संदेश न वाचता घाईघाईने सगळं काढून टाकतात, किंवा ‘दुरुस्त करणारी’ फाइल कुठूनतरी आणतात आणि पुन्हा त्या पासवर्डवाल्या आरएआरच्या दारात जाऊन उभे राहतात. एसएमएपीआय कारण सांगतो, ते वाचावं. नाहीच कळलं तर त्याच्या साइटवर लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद असलेली फाइल, चढवून मदत मागायची सोय आहे. तिथे काय बिघडलं ते रंग देऊन दाखवलं जातं आणि लिंक कुणालाही देता येते.

जुन्या शेतावर एक्सपांडेड चालवायचा त्याचा हट्ट होता. मी नवं शेत सुरू करायला लावलं. नवी ठिकाणं आणि वस्तू घालणारा मॉड सेव्हमध्ये मिसळून जातो, आणि नंतर काढला की त्याच्या वस्तूंच्या जागी ‘एरर आयटम’ उरतात. मांजरं काढली तर जुनी मांजरं परत येतात. एक्सपांडेडचं तसं नाही. तीन वर्षांचं शेत पहिल्याच प्रयोगाला लावायचं काही कारण नव्हतं. एसएमएपीआयसोबत सेव्हचा आपोआप बॅकअप घेणारा मॉड येतो आणि तो शेवटचे १० बॅकअप ठेवतो. सोय चांगली आहे, पण तो दिवसाला एकच बॅकअप घेतो आणि दहापेक्षा जास्त दिवस खेळलं की सगळ्यात जुना गळतो, म्हणून बाहेर काढून ठेवलेली प्रत ती प्रत.

नंतरची देखभाल

मॉडवाल्या गेमला सगळ्यात जास्त तडाखा बसतो तो गेमच्याच अपडेटचा. १९ मार्च २०२४ ला स्टारड्यूची १.६ आवृत्ती आली तेव्हा आतली रचना इतकी बदलली की ढीगभर मॉड नव्याने लिहावे लागले. लोकांचे गेम एका रात्रीत बंद पडले, आणि अशाच दिवसांत ‘१.६साठी दुरुस्त केलेला मॉड’ म्हणून काहीबाही फिरतं. स्टीममध्ये या गेमसाठी ‘सुरू करतानाच अपडेट कर’ असं सेटिंग लावलं. त्याने अपडेट थांबत नाही, पण निदान झोपेत होत नाही. मॉडचे अपडेट मात्र एसएमएपीआयच्या खिडकीत दिसतात, मॉडच्या पानाच्या पत्त्यासकट. तेवढ्याच पत्त्यावरून घ्यायचे, व्हिडिओखालच्या लिंकवरून नाही.

एखादा मॉड तात्पुरता बंद करायचा असेल तर त्याच्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब द्यायचं, लोडर तो फोल्डर सोडून देतो. बिघाड शोधताना याचा उपयोग होतो: अर्ध्या मॉडना टिंब, गेम सुरू, बिघाड गेला का? गेला तर त्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात. एकमेकांना लागणारे मॉड मात्र सोबत ठेवायचे.

त्याने मग विचारलेला मॉड होता मासेमारीची कटकट घालवणारा. डीएलएल, निर्माता नवा, फाइल दोन दिवसांची, कोड कुठे ठेवलाय याचा पानावर पत्ता नाही. तक्रारींच्या टॅबमध्ये अजून एकही नोंद नव्हती, आणि ती चांगली खूण आहे असं त्याला वाटत होतं. दोन दिवसांच्या फाइलबद्दल तक्रार नसणं म्हणजे अजून कुणी नीट वापरलेलीच नाही, एवढं सांगितलं. हेच काम करणारा, उघड्या कोडचा आणि बरीच वर्षं चाललेला दुसरा मॉड त्याने स्वतःच शोधून काढला. त्याची मॅनिफेस्टही मला न विचारता उघडली.